दगड नसलेल्या शहरातले पाथरवट

व्हेनिसच्या जमिनीत दगड नाही. खणायला घेतलं की आधी चिखल लागतो, मग गाळ, आणि त्याखाली घट्ट चिकणमातीचा थर. या चिकणमातीपर्यंत ओक, लार्च आणि आल्डरच्या लाकडाचे खुंट शेजारीशेजारी ठोकायचे, त्यांवर फळ्यांचा तराफा आणि तराफ्यावर दगड, अशी इथल्या पायाची रीत. चिखलात हवा पोचत नसल्यामुळे खुंट शतकानुशतकं कुजत नाहीत. खरी परीक्षा असते ती वरच्या दगडाची. भरतीचं खारं पाणी रोज त्याला भिजवतं आणि ओहोटीला कोरडं करतं. हा मारा सोसणारा दगड व्हेनिसला मिळाला तो समुद्रापलीकडे, इस्त्रियाच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या क्रोएशियात. पांढरा, घट्ट विणीचा आणि पाणी फारसं न पिणारा हा चुनखडक. एड्रियाटिक समुद्र ओलांडून तो होड्यांमधून शहरात यायचा. रियाल्तोचा पूल, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, दारांच्या चौकटी, विहिरींची कोरीव तोंडं, सगळीकडे तोच आहे.

या शहरात आणि त्याच्या खाजणातल्या बेटांवर एक आडनाव भेटतं: ताल्यापिएत्रा. इटालियन भाषेत 'ताल्या' म्हणजे कापतो आणि 'पिएत्रा' म्हणजे दगड. आपल्याकडचा पाथरवट. ज्या जमिनीत खडा सापडत नाही तिथं पाथरवटाचं आडनाव रुजावं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कोडंच वाटलं होतं. धंद्यावरून पडलेली इटालियन आडनावं कशी जन्मली, कशी टिकली आणि काही इतकी विरळ का राहिली, हे समजून घ्यायला या कोड्याइतकी चांगली वाट मला दुसरी सापडली नाही.

आधी शब्दच पाहू. क्रियापद पुढे आणि नाम मागे अशी जोडणी करून माणसाला नाव द्यायची इटालियन लोकांना जुनी हौस आहे. 'बात्तिलोरो' म्हणजे सोनं ठोकणारा, सोन्याचा वर्ख करणारा कारागीर. 'बात्तिलाना' म्हणजे लोकर झोडणारा. 'ताल्याफेर्रो' म्हणजे लोखंड कापणारा. हे मात्र धंद्यापेक्षा एखाद्या बळकट शिपाईगड्याचं टोपणनाव असण्याचाही संभव असतो. ही सगळी आडनावं आजही हयात आहेत. त्यांच्यात आख्खं वाक्य दडलेलं आहे: हा दगड कापतो, हा सोनं ठोकतो. गल्लीत कुणी कुणाकडे बोट दाखवून म्हणावं, तसं. व्हेनिसच्या बोलीत 'ल्य'चा 'य' होतो आणि 'पिएत्रा'चं 'पिएरा', म्हणून तिथं या कारागिराला 'तायापिएरा' म्हणत. पुढे कागदोपत्री प्रमाण इटालियनचं वजन वाढलं आणि आडनाव ताल्यापिएत्रा असं स्थिरावलं. जीभ एक बोलते आणि वही दुसरंच लिहिते, तसंच हे.

पाथरवटाचं काम त्या काळी कसं चालायचं ते बघायचं असेल तर क्षणभर फ्लॉरेन्सला जावं. तिथं ओर्सानमिकेले नावाची जुनी इमारत आहे. तिच्या बाहेरच्या भिंतींत शहरातल्या एकेका व्यवसायसंघानं आपापल्या संताची मूर्ती बसवली. दगड आणि लाकडाच्या कारागिरांच्या संघानं नान्नी दी बांको या शिल्पकाराकडून 15 व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चार संत घडवून घेतले. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात मूर्तिपूजेसाठी देवाची मूर्ती घडवायला नकार देऊन मरण पत्करलेले हे पाथरवट, अशी कथा आहे. संत देखणेच आहेत, पण माझा जीव जडतो तो त्यांच्या पायाखालच्या अरुंद पट्टीवर. तिच्यात चार माणसं कामात आहेत. एक भिंत रचतोय. दुसरा खांबात गिरमिटानं भोक पाडतोय. तिसरा दगडावर माप घेतोय. चौथा एका बाळाची मूर्ती कोरतोय, आणि ते बाळ त्याच्या हाताखालून जवळजवळ उठून बसायच्या बेतात आहे. भिंत बांधणारा आणि मूर्ती घडवणारा एकाच पट्टीत, एकाच उंचीचे. गवंडी, पाथरवट आणि शिल्पकार यांच्यात तेव्हा आजच्यासारखी भिंत उभी राहिली नव्हती.

पण हाच माणूस फ्लॉरेन्समध्ये ताल्यापिएत्रा नव्हता. तिथं त्याला 'स्काल्पेल्लिनो' म्हणत, म्हणजे टाकीवाला. फ्लॉरेन्सजवळचं सेत्तिन्यानो हे गाव अशा टाकीवाल्यांचंच. मायकेलअँजेलोची दाई याच गावची, पाथरवटाची बायको. तिच्या दुधाबरोबरच छिन्नी-हातोडा माझ्या अंगात आला, असं तो म्हणायचा, अशी आठवण त्याच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. जेनोआकडे पाथरवट म्हणजे 'पिक्कापिएत्रा', दगडाला टोचे मारणारा; त्या शहरात याच नावाचा एक भागही आहे. म्हणजे धंदा एक, नावं तीन, आणि त्यांतून निघालेली आडनावंही वेगवेगळी. एखादं आडनाव विरळ असण्याचं हे पहिलं आणि सर्वांत साधं कारण. इटली 1861 पर्यंत एक राज्य नव्हती. राज्यं अनेक आणि बोली त्याहूनही अनेक. धंद्याचा शब्द जिथवर बोलला जाई तिथवरच त्याचं आडनाव पोचे.

लोहाराचं उदाहरण याच्या शेजारी ठेवलं की फरक नीट दिसतो. लॅटिन 'फेर्रुम' म्हणजे लोखंड. त्यावरून लोंबार्दी आणि एमिलियात फेर्रारी, पीडमाँटमध्ये फेर्रेरो, दक्षिणेत फेर्रारो. लोहारासाठीच्या दुसऱ्या लॅटिन शब्दावरून, 'फाबेर'वरून, फाब्री आणि फाब्रिस. फेर्रारी हे आज इटलीतल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. रोस्सी आणि रूस्सो यांच्या खालोखाल त्याचं नाव घेतात. याच लोखंडाच्या शब्दावरून पोर्तुगीज भाषेत 'फेरेरा' हे आडनाव झालं आणि पोर्तुगीजांबरोबर ते गोव्यात आलं. गोव्यातला फेरेरा आणि मोदेनाचा फेर्रारी नात्याचे नसतात, पण दोघांची आडनावं एकाच लोखंडाची आहेत. मोदेनाच्या एन्झो फेर्रारीचे वडील धातुकामाचा कारखाना चालवत आणि मुलानं गाड्या बनवल्या. आडनावाला जागणारी अशी घराणी क्वचितच पाहायला मिळतात.

लोहार इतके का झाले? दर गावाला लोहार लागतोच, आणि बहुतेक गावांत तो एकच असतो. 'शेतकऱ्याचा पिएत्रो' म्हणून काही कळत नाही, कारण सगळेच शेतकरी. 'लोहाराचा पिएत्रो' म्हटलं की घर सापडतं. धंद्याचं आडनाव रुजायला त्या धंद्यातली माणसं पुष्कळ असावी लागतात असं वाटतं, पण उलटंच आहे: माणूस गर्दीत वेगळा ओळखू यावा इतकीच ती असावी लागतात. व्हेनिसचं कोडंही मला इथं सुटल्यासारखं वाटतं. डोंगराळ मुलुखात दगड सगळेच हाताळतात. चिखलावर उभ्या असलेल्या शहरात होडीतून उतरलेल्या पांढऱ्या दगडाला टाकी लावणारा माणूस उठून दिसणारच.

नावाच्या मागे धंदा कसा चिकटत गेला, याचा सुंदर पुरावा व्हेनिसच्या ग्रँड कॅनॉलवर उभा आहे. का' दोरो, म्हणजे सोन्याचं घर. मारिनो कोंतारिनी या श्रीमंत व्यापाऱ्यानं 1421 च्या सुमारास ते बांधायला काढलं आणि खर्चाचे हिशेब जपून ठेवले. ते हिशेब टिकले आहेत. त्यांत कारागिरांना दिलेल्या रकमा आहेत, दगड आणि चुन्याचा खर्च आहे आणि मोठमोठ्या शिल्पकारांची नावं आहेत. बार्तोलोमेओ बोन आणि त्याचा बाप ज्योवान्नी ही त्यांतली ठळक नावं. आज कलेच्या इतिहासात बार्तोलोमेओला शिल्पकार म्हणतात. त्याच्या काळात तो तायापिएरा होता. पण त्याचं आडनाव मात्र बोनच राहिलं. धंदा नावाच्या मागे होता, नावात शिरला नाही.

याहून बोलकं उदाहरण पाल्लादिओचं. 1508 साली पादोवात एका पिठाच्या गिरणीवाल्याला मुलगा झाला, आंद्रेआ. बाप पिएत्रो, म्हणून तो 'आंद्रेआ दी पिएत्रो', आणि घराण्याला चिकटलेलं नाव 'देल्ला गोंदोला'. तेराव्या वर्षी, 1521 मध्ये, त्याला एका पाथरवटाकडे सहा वर्षांच्या करारानं उमेदवारीला ठेवलं. तो करार मोडून पळाला आणि विचेन्झाला गेला, आणि 1524 मध्ये तिथल्या गवंडी-पाथरवटांच्या संघात त्याचं नाव लागलं. पुढची कितीतरी वर्षं कागदपत्रांत तो 'लापिचीदा' आहे. पाथरवटासाठीचा हा लॅटिन शब्द. मग ज्यानज्योर्ज्यो त्रिस्सिनो या विद्वान सरदारानं त्याच्यातला गुण ओळखला, त्याला शिकवलं, रोमला नेलं आणि प्राचीन देवता पाल्लासवरून एक नवं नाव दिलं: पाल्लादिओ. 1540 च्या आसपास कागदांत त्याच्या नावापुढे 'वास्तुकार' येऊ लागलं. व्हेनिसमधली सान ज्योर्ज्यो माज्जोरे आणि रेदेन्तोरे ही चर्चं त्याची. त्यांचे पांढरे दर्शनी भाग आणि नंतर जगभर उभे राहिलेले त्याच्या पद्धतीचे खांब पाहताना मला तो सहा वर्षांचा करार आठवतो. एका माणसाला चार नावं मिळाली: बापाचं, घराण्याचं, धंद्याचं आणि कौतुकाचं. त्यातलं चौथं टिकलं. त्रिस्सिनो भेटलाच नसता, तर कदाचित धंद्याचंच नाव पुढच्या पिढीच्या अंगावर राहिलं असतं.

नावांची ही तरंगती अवस्था संपवली चर्चनं. त्रेंतो या गावी भरलेल्या धर्मसभेनं नोव्हेंबर 1563 मध्ये लग्नाविषयी नियम केला: लग्न पॅरिशच्या, म्हणजे आपल्या वस्तीच्या चर्चच्या, पाद्र्यासमोर आणि साक्षीदारांच्या हजेरीत व्हावं आणि त्याची वही ठेवली जावी. बाप्तिस्म्याचीही नोंद ठेवायची होती. जवळच्या नात्यात लग्नं होऊ नयेत हा त्यामागचा एक मोठा हेतू. नातं तपासायचं तर घराणं ओळखता आलं पाहिजे, आणि घराणं ओळखायला पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारं नाव हवं. शहरांतल्या बड्या घराण्यांना आडनावं होतीच; आता ती गरीब पॅरिशमधल्या वह्यांतही पक्की होऊ लागली. पाद्र्यानं त्या दिवशी जो शब्द लिहिला तो पोरांना लागला, नातवंडांना लागला. बाप टाकी सोडून मासे पकडायला लागला तरी वहीतला ताल्यापिएत्रा तसाच राहिला.

खरं तर धंद्यापासून सुटण्याची ही गोष्ट व्हेनिसमध्ये त्याआधीच घडून गेली होती. ताल्यापिएत्रा नावाचं एक सरदार घराणं तिथं होतं. त्या घराण्यातली एक मुलगी 14 व्या शतकाच्या सुरुवातीला ऐन विशीत वारली आणि लोक तिला संतांच्या पंक्तीत बसवून मान देऊ लागले. तिची दंतकथा व्हेनिसला शोभेलशी आहे: घरच्यांनी तिचं चर्चला जाणं बंद पाडायला नावाड्यांना तिला पलीकडे न्यायची मनाई केली, तेव्हा तिनं पाण्यावर आपलं वस्त्र अंथरलं आणि त्यावरून ग्रँड कॅनॉल ओलांडला. दगडाचं आडनाव, आणि कथा पाण्यावर तरंगण्याची.

आता विरळपणाचं दुसरं कारण. त्यासाठी थोडं गणित करावं लागेल, पण ते अवघड नाही. 1870 च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाला प्रश्न पडला की मोठमोठ्या घराण्यांची आडनावं नष्ट का होतात. हेन्री वॉटसन या गणितज्ञ पाद्र्याबरोबर त्यानं 1874 मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. समजा, आडनाव फक्त मुलग्यांकडून पुढे जातं. दर माणसाला सरासरी एक मुलगा: चौघांतल्या एकाला मुलगा नाही, दोघांना एकेक, एकाला दोन. लोकसंख्या वाढतही नाही, घटतही नाही. आता एकाच माणसापासून सुरू झालेलं आडनाव घ्या. पहिल्या पिढीतच ते संपण्याची शक्यता शंभरात 25. दुसऱ्या पिढीपर्यंत 39. तिसरीपर्यंत 48. चौथीपर्यंत 55. आणि पिढ्या पुरेशा गेल्या तर ते कधी ना कधी संपणारच. कुणाचा दोष नाही, कुणी मारलं नाही, तरी निम्म्याहून जास्त आडनावं शंभर-सव्वाशे वर्षांत पुसली जातात. जी टिकतात त्यांच्या वाट्याला मेलेल्यांची जागा येते. म्हणून एकेका गावात थोडी आडनावं आणि त्यांची खूप घरं, असं चित्र दिसू लागतं.

त्यात साथी आल्या. 1630-31 च्या प्लेगमध्ये व्हेनिस शहराची सुमारे एक तृतीयांश माणसं गेली. त्याआधी 1575 ते 1577 या वर्षांतही असाच हाहाकार झाला होता. गंमत म्हणवत नाही, पण सत्य आहे: रेदेन्तोरे हे चर्च आधीच्या, 1575 च्या साथीच्या नवसाचं आणि सांता मारिया देल्ला सालूते नंतरच्या, 1630 च्या साथीच्या नवसाचं. पाथरवटांची घरं रिकामी होत होती आणि उरलेल्यांच्या हाताला काम वाढत होतं.

मात्र विरळ आणि दाट हे शब्द नकाशाच्या आकारावर अवलंबून असतात. व्हेनिसच्या दक्षिणेला पेल्लेस्त्रीना नावाचं लांब, चिंचोळं बेट आहे. 1380 च्या सुमाराच्या जेनोआबरोबरच्या युद्धात ते उजाड झालं. ते पुन्हा वसवायला चार घराणी पाठवली, असं तिथं सांगतात: स्कार्पा, झेन्नारो, वियानेल्लो आणि बुसेत्तो. बेटाच्या चार भागांना आजही या चौघांची नावं आहेत. जवळच्या किओज्जात बोस्कोलो आणि तिओझ्झो ही दोन आडनावं इतकी दाटली की कोण कुठला कळेना. शेवटी घराघराचं टोपणनाव आडनावाला जोडून सरकारी कागदांवरही लिहावं लागलं. नावाला नाव पुरेना झालं की लोक पुन्हा तीच जुनी युक्ती करतात, गल्लीत बोट दाखवायची.

शास्त्रज्ञांनी या दाटीचा उपयोग करून घेतला. लुइजी लूका काव्हाल्ली-स्फोर्त्झा या अनुवंशशास्त्रज्ञानं 1950 च्या दशकापासून पार्मा नदीच्या खोऱ्यातल्या पॅरिशच्या वह्या चाळल्या. बापाकडून मुलाकडे जाणारं आडनाव हे पुरुषाच्या वाय गुणसूत्रासारखंच वागतं. डोंगरातल्या लहान, तुटक गावांत थोडीच घराणी उरतात, आणि सपाटीवरच्या मोठ्या गावांपेक्षा तिथं गावागावांतला जनुकीय फरकही जास्त पडतो, हे त्याला तपासता आलं. लग्नातलं नातं टाळण्यासाठी पाद्र्यांनी ठेवलेल्या वह्या चारशे वर्षांनी विज्ञानाच्या कामी आल्या, ही गोष्ट मला कुठल्याही शोधकथेपेक्षा कमी वाटत नाही.

काही आडनावं मात्र बोटीत बसून निघून गेली. व्हेनिसचा एक ताल्याफेर्रो 16 व्या शतकात लंडनमध्ये स्थायिक झाला. त्याचे वंशज अमेरिकेत व्हर्जिनियाला गेले. आडनावाचं स्पेलिंग जवळपास तेच राहिलं, पण उच्चार झाला 'टॉलिव्हर'. व्हर्जिनियातच 1856 साली एका गुलाम बाईच्या पोटी बुकर नावाचा मुलगा जन्मला. शाळेत हजेरीच्या वेळी प्रत्येकाला दोन नावं आहेत असं पाहून त्यानं स्वतःचं आडनाव सांगितलं, वॉशिंग्टन. आईनं जन्मतःच आपल्याला 'ताल्याफेर्रो' हेही नाव दिलं होतं, हे त्याला पुढे कळलं, आणि त्यानं ते आपल्या नावात घेतलं. बुकर टी. वॉशिंग्टन या नावातला 'टी' तो हाच.

ताल्यापिएत्रा एवढं दूर गेलं नाही. ते खाजणाच्या आसपासच राहिलं. या आडनावाचा आज जगाला माहीत असलेला कारागीर लिनो ताल्यापिएत्रा. जन्म 1934 चा, मुरानो बेटावर. अकराव्या-बाराव्या वर्षी तो भट्टीवर कामाला लागला आणि एकविसाव्या वर्षी 'माएस्त्रो' झाला, दगडाचा नव्हे, काचेचा. 1979 मध्ये तो अमेरिकेत सिएटलजवळच्या पिलचक काचशाळेत शिकवायला गेला. मुरानोनं शतकानुशतकं पोटाशी धरलेली विद्या त्यानं परक्यांसमोर उघडी केली, याबद्दल गावात नाराजीही झाली. माझ्या मते त्यानं योग्यच केलं.

इटलीत लग्नानंतर बाई कायद्यानं आपलं आडनाव गमावत नाही, पण मुलांना आपोआप लागायचं ते बापाचंच. 2022 मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं ही सक्ती रद्द केली. आता नवजात मुलाला आई आणि बाप दोघांची आडनावं मिळतात, आणि दोघांच्या संमतीनं त्यांतलं एकच ठेवता येतं. एखाद्या घरात फक्त मुलीच असतील, तरी ताल्यापिएत्रा हे आडनाव आता तिथून पुढे जाऊ शकतं.